ठेकेदाराकडून पालिकेकडे जाताना: आधी हजेरी, मग बाकीचं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पाणीपुरवठा, घंटागाडी, दिवाबत्तीवर ठेकेदाराकडे राबलेली आणि आता थेट पालिकेकडे जाणारी जी माणसं आहेत, त्यांच्यासाठी हे. आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो घ्यालच, त्यावर बोलत नाही.

पहिली गोष्ट हजेरी. हजेरीपत्रकांच्या प्रमाणित नकला जुना ठेकेदार निघून जायच्या आत हातात हव्यात. आमच्या वेळी हेच राहिलं. ठेकेदाराबरोबर मस्टर गेलं आणि वर्षानुवर्षं व्हॉल्व फिरवलेल्या माणसांची सेवा कागदावर शेवटच्या ठेक्यापुरती उरली. ठेकेदार देत नसेल तर त्याच्या मागे हिंडू नका. त्याच्या बिलाला सहसा हजेरी जोडलेली असते आणि बिल पालिकेच्या लेखा विभागात असतं. माहिती अधिकारात मागा: १० रुपये फी, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणून अर्ज आजच टाका. प्रत्येक कार्यादेशासाठी (पालिकेने ठेकेदाराला काम दिल्याचा आदेश) वेगळा अर्ज करा, नाहीतर ‘माहिती विस्तृत आहे’ म्हणून परत येतो.

नकला आल्या की नावं तपासा. मुकादमाच्या वहीत ‘आप्पा व्हॉल्व, जुनी टाकी’ एवढंच असतं आणि आधारवर तीन शब्दांचं नाव. दोन्ही माणसं एकच आहेत असं मुकादमाच्या सहीचं पत्र आणि स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडा. मुकादम निवृत्त व्हायच्या आत.

पीएफ. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेवा. ठेकेदार बदलला की जुनं खातं नव्यात वर्ग करा. नोकरी सोडल्याची तारीख त्याने टाकली नसेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी पोर्टलवर आपल्याला स्वतः टाकता येते. लग्नकार्य आलं तरी पेन्शनचे पैसे काढू नका. पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते आणि काढलेली वर्षं त्यात धरत नाहीत. ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबरही तोच चालू ठेवा.

आता कायद्याचं. ‘आपोआप कायम होणार’ असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. २००१ साली स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठेका बंद झाला म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचा, म्हणजे इथे पालिकेचा, होत नाही. ठेका नुसता देखावा होता हे सिद्ध झालं तरच होतो. आणि २००६ च्या उमादेवी निकालाने सरळ भरतीशिवाय कायम होण्याची वाट फार अरुंद केली. देखावा सिद्ध कशाने करणार? काम कोण सांगत होतं, रजा कोण देत होतं, हजेरी कोण तपासत होतं, यावरून. म्हणजे पुन्हा हजेरीच. इंजिनिअर साहेबांचे व्हॉट्सॲपवरचे ‘अमुक वॉर्डाचा व्हॉल्व बंद कर’ हे मेसेजही पुसू नका.

नेमणुकीचा आदेश सही करण्याआधी पूर्ण वाचा. ‘नवीन नेमणूक’ एवढंच असेल तर थांबा. उपक्रमाचं हस्तांतर झालं, म्हणजे चालू काम एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलं, तर सेवा अखंड धरावी आणि अटी खालावू नयेत, नाहीतर भरपाई द्यावी, असं कायदा म्हणतो. पण ठेका संपणं म्हणजे हस्तांतर नाही, असं ऑफिस म्हणेल. म्हणून ‘मागील सेवा ग्रॅच्युइटी व रजेसाठी धरण्यात येईल’ हे वाक्य आदेशातच मागा, लेखी मागा, आवक क्रमांक घ्या. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम, दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराएवढी, महिना २६ दिवसांचा धरून: १३,००० पगारावर वर्षाचे ७,५००. आठ वर्षं गेली तर साठ हजार गेले, आणि ती वर्षं दाखवणार कशाने? हजेरीनेच.

‘पूर्ण हिशेब मिळाला’ किंवा राजीनामा अशा छापील कागदावर सही करू नका. कोऱ्यावर तर मुळीच नाही.

थकलेला पगार ठेकेदाराने दिला नाही तर देण्याची जबाबदारी पालिकेची. अर्ज सहायक कामगार आयुक्तांकडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या आहेत, जुन्या कायद्यांतले कलम नंबर घालू नका, फक्त मागणी लिहा.

रुजू झाल्यावर पहिली पगारपावती आणि पीएफची नोंद बघा. चूक असेल तर त्याच महिन्यात अर्ज. आणि हजेरीच्या नकलांचे दोन संच करा, एक घरी, एक युनियनकडे.