क्लास ए, एबी की डी? सोलापुरात अँप्लिफायर घेताना या चुका टाळा

ए, एबी, डी हे अँप्लिफायर आतून कसा चालतो त्याचे प्रकार. त्यातला क्लास ए अँप घेऊन तो टीव्हीखालच्या बंद कपाटात कोंबणं, ही आपल्या गावात सगळ्यात महागात पडणारी चूक. यातले आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे, गाणं वाजो न वाजो, सतत पूर्ण करंट ओढतात. चॅनलला २० वॉटचा स्टिरिओ अँप नुसता चालू ठेवला तरी शे-दीडशे वॉट खातो. दीडशे वॉट, रोज चार तास, म्हणजे महिन्याला १८ युनिट. बिलाचं एक वेळ सोडा, पण ती सगळी वीज उष्णता होऊन खोलीतच राहते. मे महिन्यात हॉलमध्येच ४० अंश असतील आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती) त्यावर ३० अंशांनी तापला, तर त्यावर हात टेकवत नाही. आवाज छान असतो, वाद नाही. पण तो जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या थंडीत ऐकायचा.

माझं मत विचाराल तर घरासाठी क्लास एबी, गाणं नसताना थोडाच करंट ओढणारा. फक्त त्याचं बायस, म्हणजे हा बसल्या जागचा करंट ठरवणारं सेटिंग, नीट हवं, आणि घोळ नेमका तिथंच होतो. बायस कमी असलं की हळू आवाजात, तानपुरा विरत जाताना बारीक किरकिर येते. आवाज वाढवला की ती दबते. लोक स्पीकर बदलून मोकळे होतात! बायस जास्त असेल तर अँप नुसता बसल्या बसल्या तापतो.

बायस थंड अँपवर लावू नका. ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टनं उतरतो, म्हणून डिसेंबरच्या सकाळी बरोबर दिसणारा आकडा मे महिन्यात टिकेलच असं नाही. इनपुट बंद, स्पीकर काढलेला, अँप अर्धा तास चालू. मग एमिटर रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट मोजून सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्याशी जुळवा. आत २३० व्होल्ट असतात, सवय नसेल तर कारागिराकडेच द्या. दुरुस्ती करून आलेल्या अँपमध्ये एक गोष्ट जरूर बघा: तापमान सांभाळणारा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला घट्ट चिकटलेला आहे ना. तो लोंबकळत राहिला तर त्याला तापल्याचं कळतच नाही, करंट वाढत जातो आणि आउटपुट जोडी उडते.

यंत्रमागाशेजारी घर असेल तर कापसाचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत गच्च बसतात. प्लग काढून महिन्यातून एकदा कोरडा रंगाचा ब्रश फिरवा.

क्लास डी आउटपुट झपाट्यानं चालू-बंद करत चालतो, म्हणून फारसा तापत नाही, स्वस्तही पडतो. उन्हाळ्यात त्याला तोड नाही. मात्र तयार अँप बोर्डावरच्या '५० + ५०' वॉटला भुलून १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला, की तक्रार सुरू: 'दम नाही'. १२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात जेमतेम ८-९ वॉट मिळतात. टीपीए ३११६ चिपचे ५० वॉट हे ४ ओहम आणि २१ व्होल्टचे. अशा बोर्डांचं आउटपुट बहुधा ब्रिज पद्धतीचं असतं, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारांत सिग्नल असतो, त्यामुळे दोन स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र जोडू नका, बॉडीलाही नको. प्रोटेक्शन लागून आवाज बंद पडतो. आणि शेजारच्या मीडियम वेव्ह रेडिओत घरघर आली तर दोष रेडिओला देऊ नका. स्पीकरच्या तारा आखूड करा, रेडिओ लांब ठेवा.