आजोळच्या नदीकाठच्या आठवणी कशा गोळा करायच्या

आमचं आजोळ कुरुंदवाड आणि राहायला आम्ही कोल्हापुरात. शिरोळ तालुक्यात ज्यांची मुळं आहेत अशा बऱ्याच घरांत आता हेच चित्र आहे, म्हातारी माणसं थकत चाललीत आणि नातवंडांना दत्ताची नरसोबाची वाडी म्हणजे बासुंदी आणि कवठाची बर्फी एवढंच माहीत. त्यामुळं हे काम पुढच्या दिवाळीला करू म्हणून ठेवू नका, ह्याच सुट्टीत करा.

पहिली गोष्ट, "आज्जी, तुझ्या लहानपणीचं सांग की" असं विचारायचं नाही. "काय सांगायचं बाळा, कष्टच कष्ट" एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो. त्यापेक्षा पाण्याचं विचारा. आपल्याकडं जुन्या माणसांना साल आठवत नाही पण पूर आठवतो, "तुझ्या लग्नाच्या वर्षी पाणी कुठवर आलतं?" म्हटलं की मग कुणाची जनावरं आधी सोडली, कुणाच्या माळ्यावर रात्र काढली, नावेतनं भाकरी कोण घेऊन आलं, घर राखायला मागं कोण थांबलं, सगळं धडाधड बाहेर येतं आणि त्यातनंच कोण कुणाचा चुलता, कुठली आत्ती कुठं दिली ही नाती आपोआप कळतात. 2005, 2019 आणि 2021 चे पूर तर आपणही बघितलेत, ते खुणेला धरा आणि "त्यापेक्षा जास्त का कमी?" असं विचारत मागं मागं जा.

वाडीच्या दक्षिणद्वार सोहळ्याचं पण नक्की विचारा. पुराचं पाणी देवळाच्या उत्तर दारानं आत शिरून पादुकांवरनं दक्षिण दारानं बाहेर पडतं आणि लोक तिथं स्नानाला गर्दी करतात, त्या गर्दीत लहानपणी कुणाचा हात धरून गेला होता हे माणूस विसरत नाही.

जमलं तर त्यांना घेऊनच जा. पावसाळा सोडून, थंडीत, घाटाच्या पायऱ्या मोकळ्या असताना. वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर बसवा आणि घाई करू नका. कुरुंदवाडच्या घाटावर सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी आहे, तिथं मुलांना इतिहास सांगा. कुरुंदवाड हे पटवर्धनांचं संस्थान, 1948 ला विलीन झालं, कोल्हापूर त्यानंतर 1 मार्च 1949 ला, त्यामुळं जुने कागद शोधताना ही दोन संस्थानं वेगळी होती हे लक्षात ठेवा. मोडी लिपीतले कागद निघाले तर रद्दीत घालू नका, मोडी वाचणारी माणसं मिळतात.

आता घरातली भांडी बघा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि कुणी करत नाही. आमच्या आज्जीच्या पितळी हंड्याच्या गळ्याशी बारीक टिंबाटिंबांनी तिचं माहेरचं नाव, देणाऱ्या मामाचं नाव, गाव आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे, चिंच लावून घासल्यावर एकेक अक्षर वर आलं. ते नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. तेव्हा भंगारात द्यायच्या आधी प्रत्येक तांब्या, परात, डबा उलटा करून बघा आणि उजेड तिरका पाडून फोटो काढा. शाळेचे जुने दाखलेही काढा, त्यावर जन्मगाव असतं.

रेकॉर्डिंगला साधा मोबाईल बास झाला. एअरप्लेन मोडवर टाका, सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव आपणच बोला. एकट्या आज्जीपेक्षा आज्जी आणि तिची बहीण अशा दोघींना बसवा, "न्हाई गं, तवा अण्णा लहान हुता" असं एकमेकींना दुरुस्त करत बोलतात तेव्हा खरी माहिती मिळते. मध्येच कानडी शब्द आला, शिवी आली तरी तशीच राहू दे. आणि समोर कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत-भाकरी असेल तर गप्पा लवकर थांबत नाहीत.

पुरात भिजून एकमेकांना चिकटलेले फोटो ओलेच असतील तर वाळू देऊ नका, वाळल्यावर ओढले तर चेहराच निघून येतो. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सुटे करा आणि सावलीत, फोटोची बाजू वर करून वाळवा, उन्हात नको. लगेच वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. फोटोमागं नावं लिहायची ती मऊ पेन्सिलनं, बॉलपेननं नाही, पुढं उमटतं. नातेवाईकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे क्वालिटी जात नाही. आणि मूळ अल्बम जून लागायच्या आत माळ्यावर चढवा, एक पेनड्राइव्ह मात्र नदीपासून लांब राहणाऱ्या मामाकडं किंवा मावशीकडं देऊन ठेवा.