रक्त थांबवणारी पट्टी निवडताना
सांगलीकडे ऊसतोडीच्या हंगामात कोयता पायावर बसण्याचे प्रसंग येतात आणि 108 ला फोन केला तरी रुग्णवाहिका फडापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. म्हणून प्रथमोपचार पेटीत रक्त गोठवणारी गॉझपट्टी असावी, असे मी आग्रहाने सांगेन. याच कामासाठी मिळणारी भुकटी किंवा दाणे घेऊ नयेत, कारण ते वाऱ्याने उडून डोळ्यांत जातात, आणि झिओलाइट या खनिजाचे जुने दाणे तर ओले होताच तापून कातडी भाजत असत. नागमोडी घडीची लांब पट्टी घ्यावी. ती एका हातातून सुटत जाते आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने जखमेच्या तळाशी, जिथून रक्त उसळते तिथेच, ठासून भरता येते. केओलिन या पांढऱ्या मातीचा लेप असलेली पट्टी शरीराच्या स्वतःच्या रक्त गोठण्याच्या प्रक्रियेला वेग देते, तर कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारे कायटोसन त्या प्रक्रियेवर फारसे अवलंबून नसते. त्यामुळे घरात कोणी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर मी कायटोसनला पसंती देईन. पट्टी कोणतीही असो, भरल्यावर ती किमान 3 मिनिटे, मध्ये उचलून न पाहता, अंगाचा भार देऊन दाबावीच लागते. हातापायातून धार लागली असेल तर आधी टूर्निकेट, म्हणजे जखमेच्या वर बांधून रक्तप्रवाह रोखणारा पट्टा, आवळावे. ही पट्टी मुख्यतः जांघ, काख अशा, जिथे ते बसत नाही त्या जागांसाठी आहे, आणि छाती-पोटाच्या आत ती कधीही भरू नये. खरेदीच्या वेळी मुदत पाहावी, आणि वापरानंतर रिकामे पाकीट डॉक्टरांना दाखवण्यासाठी रुग्णासोबत पाठवावे.