गॅलरीखालचं घरटं कुणाचं आणि तारेवरची पाहुणी कोण?

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला आमची सोसायटी आहे. ऑक्टोबर लागला की ग्रुपवर फोटो येतो: तारेवर रांगेनं बसलेले दुभंगल्या शेपटीचे बारके पक्षी. पाठोपाठ दुसरा फोटो, कुणाच्या तरी गॅलरीखालच्या मातीच्या घरट्याचा. आणि मग प्रश्न, ‘काकू, हे फॉरेनचे पक्षी आपल्या बिल्डिंगला घर करतायत का?’

नाही करत. तारेवरची वेगळी, गॅलरीखालची वेगळी. तारेवरची पाहुणीसुद्धा माणसाच्या इमारतीतच घरटं बांधते, पण ती इमारत मुंबईतली नसते. हे एकदा पक्कं झालं की पुढचं सोपं आहे.

पाहुणीचं नाव माळभिंगरी. पावसाळा ओसरायला लागला की सप्टेंबरच्या आसपास ती दिसू लागते आणि मार्च-एप्रिलात परत जाते. मोकळी जागा, जवळ पाणी आणि वर तार, एवढं जिथे असेल तिथे शोधा: भांडुप पंपिंग स्टेशनचा रस्ता, उत्तनची शेतं, मिठागरांचे बांध. सकाळी लवकर जा आणि सूर्य पाठीशी ठेवा. समोरून ऊन आलं की सगळेच पक्षी काळे दिसतात आणि मग ग्रुपवर वाद होतात.

आधी पक्षी बसतो का ते बघा. तारेवर बसलेला असेल तर भिंगरी. पाकोळी, म्हणजे उडताना भिंगरीसारखाच वाटणारा दुसरा पक्षी, तारेवर बसूच शकत नाही. तिचे पाय आखूड आणि चारही बोटं पुढे वळणारी, त्यामुळे ती भिंतीला नाहीतर छताला नखांनी धरून लटकते. उडताना पाकोळीचे पंख कोयत्यासारखे ताठ, भिंगरीचे मऊ आणि वळणावळणाचे.

मग गळा बघा. माळभिंगरीचं कपाळ आणि गळा विटकरी, त्याखाली छातीवर निळसर काळा आडवा पट्टा, आणि मग पांढरट पोट. हा पट्टा महत्त्वाचा. पुस्तकातल्या चित्रात शेपटीला दोन लांब टोकं असतात आणि लोक तीच शोधत बसतात. पण माळभिंगरी पिसं बदलते ती हिवाळ्याच्या मुक्कामी, म्हणजे आपल्याकडे असताना. डिसेंबर-जानेवारीत बघाल तर कुणाचं एकच टोक शिल्लक, कुणाचं एकही नाही, पाठ तपकिरी झालेली, गळा फिकट. त्यातच त्या वर्षीची पिल्लं असतात, त्यांची शेपटी मुळातच आखूड. त्यामुळे शेपटीवर जाऊ नका, पट्ट्यावर जा. मार्चमध्ये मात्र निघण्याआधी पुन्हा बघा. नवी पिसं आलेली असतात, पाठ शाईसारखी निळी चमकते, टोकं लांब. फोटो काढायचा असेल तर तेव्हाचा काढा.

त्याच तारेवर दोन नातलग भेटतात. सगळी टोपी तांबूस, खालून गळ्यापासून शुभ्र पांढरी, छातीवर पट्टा नाही आणि शेपटीला अगदी बारीक तारा, ती तारवाली भिंगरी. कमरेवर तांबूस ठिगळ आणि पोटावर बारीक रेघा, ती लालबुडी.

आता गॅलरीखाली या. मातीची अर्धी वाटी छज्ज्याच्या आडोशाला भिंतीला चिकटवलेली असेल आणि ये-जा करणारा पक्षी अंगभर धुरकट तपकिरी असेल, तर ती मूळची कड्यांवरची भिंगरी. ना विटकरी गळा, ना लांब शेपटी. वळताना शेपटी पसरली की तीत पांढरे ठिपके दिसतात, तेवढीच काय ती नक्षी. ती बारा महिने इथलीच. तिच्या लेखी आपली सात मजली इमारत हा एक बरा कडाच आहे: वरून पाऊस लागत नाही आणि मांजर पोचत नाही. पावसाळ्यात ओला चिखल आणि किडे दोन्ही भरपूर, म्हणून तिची वीण जास्त करून तेव्हाच.

घरटं मातीचं नसून पिसं, गवत, दोरे थुंकीनं चिकटवून केलेला ओबडधोबड गोळा असेल आणि असे बरेच गोळे शेजारी शेजारी असतील, तर ती घरपाकोळी. काळी, गळा पांढरा, कमरेवर पांढरा पट्टा. संध्याकाळी इमारतीभोवती घोळक्यानं चिरचिरत फेऱ्या मारतात त्या याच. त्याही इथल्याच.

मग पाहुणी घरटं करते कुठे? हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला, आशिया-युरोपभर. मी ते काठमांडूला पाहिलं, मे महिन्यात, असनच्या बाजारात. भांड्यांच्या दुकानात, छताच्या तुळईला चिखलाच्या गोळ्यांचा पेला, कडेला पाच चोची. खाली दुकानदारानं पुठ्ठा बांधला होता, विष्ठा मालावर पडू नये म्हणून. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून भिंगरी आत, चोचीतले किडे एका पिल्लाच्या घशात, भुर्रकन बाहेर. भाव करणाऱ्या बाईनं वरही पाहिलं नाही. तिथे हे घरटं शुभ मानतात, लक्ष्मीशी जोडतात. चिखलाचा एकेक गोळा चोचीतून आणून असा पेला होतो, मध्ये गवताच्या काड्या. एवढा खटाटोप, म्हणून जुनं घरटं शाबूत असेल तर ती पुढच्या वर्षी डागडुजी करून तेच वापरते. अंडी चार-पाच, उबवायला दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी साधारण तीन. तिचं सगळं खाणं उडत्या किड्यांचं. थंडीत उत्तरेला ते संपतात, म्हणून जेमतेम वीस ग्रॅमचा हा जीव आपल्या खाडीवर येतो.

इथे मुक्कामाला आल्यावर घरट्याचा प्रश्नच नसतो. रात्री माळभिंगऱ्या थव्यानं बोरूच्या बेटांत नाहीतर तारांवर झोपतात.

हे ओळखणं कमिटीच्याही कामाचं आहे. रंगकाम काढलं आणि परांची बांधली की कंत्राटदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘हे घाण पाडू का?’ दोन दिवस लांबून बघा. पक्षी चोचीत काही घेऊन आत जात असेल तर घरटं चालू आहे, आणि चालू घरट्याला हात लावणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीतच मोडतं. भिंगरीचं असेल तर महिना-दीड महिना तेवढा तुकडा सोडून बाकीची भिंत रंगवायची. पाकोळीची पिल्लं आणखी वेळ घेतात. ‘पाहुणे आहेत, एप्रिलात जातील’ म्हणून थांबू नका, ते जाणारे नाहीत. विष्ठेचा त्रास असेल तर खाली फळी ठोका, असनसारखी.

जिन्यात पडलेली पाकोळी सापडली तर हवेत फेकू नका. धडधाकट असेल तर उघड्या तळहातावर धरून गच्चीत उभं राहा, ती आपण होऊन उडते. उडाली नाही तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि प्राणिमित्रांना फोन करा. दूध, भात, पाव काही भरवायचं नाही. आणि खोक्याचं झाकण दर पाच मिनिटांनी उघडून मुलांना दाखवायचंही नाही.