नावं ठेवायची सवय सोडायची तर

मिरजेत महिलांचा बायबल वर्ग घेताना मला सगळ्यात जास्त विचारला जातो तो हा प्रश्न : "सिस्टर, दुसऱ्याबद्दल वाईट मनात येतंच हो, त्याला काय करायचं?" तारण, क्षमा, पुनरुत्थान यावर फारसं कुणाचं अडत नाही. अडतं ते जावेवर, शेजारणीवर, मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) पंचांवर. आणि माझा अनुभव असा, की तिथं अडलं की प्रार्थनेतही आपण पुढं सरकत नाही.

मला याची वाट देवळात नव्हे, वॉर्डात सापडली. रात्रपाळीला एखाद्याला आणतात. तोल जातोय, घामाघूम झालाय, तोंडाला येईल ते बडबडतोय. चार्टवर 'दारू पिऊन आला आहे' असं लिहायचं नाही, हे आम्हाला नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. लिहायचं ते असं : बोलणं अडखळतं, अंग घामानं ओलं, नाडी इतकी, प्रश्नाला नीट उत्तर देत नाही. कारण रक्तातली साखर उतरलेला मधुमेहाचा पेशंटही असाच बोलतो आणि असाच कोलमडतो. चार्टवर एकदा 'दारुडा' पडलं की पुढच्या पाळीची सिस्टर साखर तपासायच्या आधी नाक मुरडते, आणि तेवढ्या वेळात माणूस जाऊ शकतो.

घरी हेच करा. एक साधी वही घ्या. कुणाबद्दल मनात निकाल तयार झाला की पानाच्या डाव्या बाजूला फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहा, उजव्या बाजूला आपण जोडलेलं. समजा एक तरुण मुलगी दर रविवारी पहिलं गीत संपल्यावर येते, शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वादाआधी निघून जाते. डावीकडे एवढंच येईल. 'भक्ती नाही', 'माहेरचं वळणच तसं', 'नवऱ्याला मुठीत ठेवलंय' हे सगळं उजवीकडे जाईल. उजवी बाजू किती भरते ते पाहून बायका गप्प होतात.

इथं एक गोष्ट ठासून सांगते. 'बिचारीची काहीतरी अडचण असेल' असं मानलं म्हणजे काम झालं, असं नाही. अडचण नसेलही. कदाचित ती खरंच आळशी असेल. तरीसुद्धा निकाल माझा नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात प्रेषित पौल विचारतो, दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण? तो उभा राहील की पडेल, हे त्याच्या धन्याचं काम. ती मुलगी प्रभूची आहे, माझ्या हाताखालची नाही. दया दाखवायला आधी तिच्या दुःखाचा पुरावा मागणं हीसुद्धा तिची चौकशीच झाली.

आता प्रार्थनेबद्दल, कारण खरा घोळ तिथं आहे. लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी, देवळातच उभा होता, प्रार्थनाच करत होता. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश. आणि त्याच प्रार्थनेत शेजारच्या जकातदाराला नावं ठेवत होता. आपल्या घरसभांतही हे सर्रास चालतं. "अमक्या कुटुंबासाठी प्रार्थना करू या, त्यांच्याकडे काय चाललंय तुम्हाला ठाऊकच आहे," असं कुणी म्हटलं की सगळ्यांच्या माना पुढं येतात. तुम्ही सभा चालवत असाल तर तिथंच थांबवा. "नाव सांगा, बाकी प्रभूला ठाऊक आहे," एवढं म्हणा आणि डोळे मिटा.

एकट्यानं प्रार्थना करतानाही 'तिला सुबुद्धी दे' हे मागणं सोडून द्या. त्यात निकाल आधीच लागलेला असतो. त्याऐवजी आपल्या मुलांसाठी जे मागतो ते तिच्यासाठी मागा : रात्रीची झोप, हाताला काम, गुडघ्याचं दुखणं कमी होऊ दे, लेकराला परीक्षेत आठवू दे. सुरुवातीला शब्द घशात अडकतात. अडकू द्या, पण मागा. रोज ज्याच्या भाकरीसाठी आपण हात जोडतो, त्याच्यावर दुपारी तोंडसुख घेणं हळूहळू जड जायला लागतं.

पण दोष न लावणं म्हणजे डोळे मिटून घेणं नव्हे. हे न सांगितल्यामुळे आपल्या मंडळ्यांत फार नुकसान झालंय. मत्तय ७ मध्ये प्रभू आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढायला सांगतो ते कशासाठी? भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसावं म्हणून. कुसळ काढायचंच आहे. मत्तय १८ मध्ये त्याची रीतही दिली आहे : आधी एकांतात त्याच्याकडेच जा. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने. मंडळीपुढं जायचं ते त्यानंतर. आपण बहुतेक वेळा उलट्या टोकानं सुरुवात करतो, आणि त्या माणसाला ते सगळ्यात शेवटी कळतं.

वर्गणीचा हिशेब लागत नसेल तर खजिनदाराकडे वही मागा. हे नावं ठेवणं नाही. एखाद्या बहिणीच्या दंडावर बोटांचे वळ असतील आणि ती 'जिन्यावरून पडले' म्हणत असेल, तर 'आपण कोण दोष लावणारे' असं म्हणून गप्प बसणं हे पाप आहे. वॉर्डात असे वळ मी खूप पाहिलेत. जिन्याला पाच बोटं नसतात. तिला आधी सुरक्षित जागी न्या, डॉक्टरला आणि पोलिसांना कळवा. आणि इथं 'एकांतात जाऊन समज द्या' ही रीत लावू नका. तिला मार खायला परत पाठवण्यासाठी ती सांगितलेली नाही.

आपल्याकडे आणखी एक जुनं दुखणं आहे. बाप्तिस्मा होऊन पिढ्या लोटल्या तरी स्थळ बघताना मूळ गाव विचारतात, आणि गावावरून जात काढतात. याकोबाच्या पत्रात सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला 'तू तिथं उभा राहा' म्हणणारी सभा आहे. आपली त्याहून वेगळी नाही. रविवारी आपण ज्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीतं गातो, त्यांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावेत अशी त्यांची इच्छा होती. निदान आपल्या घरात तरी मुलांसमोर 'ते मूळचे कोण' हा प्रश्न बंद करा. मुलं तो आपल्याकडूनच शिकतात.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, ४० दिवसांत मटण सोडता तसं हेही सोडून बघा : जो समोर नाही त्याच्याविषयी चांगलं असेल तेवढंच बोलायचं. फोनवर हे फार कठीण जातं, म्हणून फोनपासूनच सुरुवात करा.

जीभ घसरली तर रात्री देवाची क्षमा मागून थांबू नका. जिच्याजवळ बोललात तिलाच फोन लावा आणि स्पष्ट सांगा, "मघाशी मी जे बोलले त्यातलं अमुक मी पाहिलंय, बाकीचं माझं जोडलेलं आहे." ती म्हणेल, "जाऊ द्या हो, त्यात काय एवढं." जाऊ देऊ नका, वाक्य पूर्ण करा. आणि तोवर तिनं ते पुढं कुणाला सांगितलं असेल, तर त्या व्यक्तीलाही फोन करा.