ऑफिसचा लॅपटॉप परत देण्याआधी

राजीनामा टाकलात ना, मग त्याच आठवड्यात हे काम घ्या. शेवटच्या दिवसावर अजिबात ठेवू नका, त्या दिवशी सह्या, निरोप आणि ग्रुप फोटोतच चार वाजतात आणि संध्याकाळी लॉगिन बंद.

चार्जर, माऊस, आयकार्ड. हे सांगायला नको.

सगळ्यात आधी ऑफिसचा मेल आयडी स्वतःच्या कामासाठी कुठे कुठे दिलाय ते शोधा. मी मागच्या वेळी नेमकं हेच विसरले. मुलीच्या शाळेच्या फीच्या पोर्टलवर लंच ब्रेकमध्ये रजिस्टर केलं होतं, सवयीने ऑफिसचाच मेल टाकला, पासवर्ड तिथल्याच ब्राउझरमध्ये सेव्ह, आणि नोकरी सोडून तीन आठवडे झाल्यावर फी भरायला बसले तर पासवर्ड आठवेना आणि रीसेटची लिंक जातेय त्या बंद झालेल्या आयडीवर. शेवटी शाळेत हाफ डे घालवून अर्ज दिला, वर लेट फी. म्हणून सांगते, इनबॉक्समध्ये ओटीपी, स्टेटमेंट, वेलकम असे शब्द टाकून सर्च मारा आणि जे निघेल ते कागदावर लिहा. बँक, म्युच्युअल फंड, डिमॅट, विमा, इन्कम टॅक्सचं पोर्टल, वीजबिल. मेल बदलताना कित्येक ठिकाणी जुन्या आयडीवरच ओटीपी येतो, म्हणजे आयडी चालू आहे तोवरच हे होतं, नंतर हेलपाटे.

सॅलरी स्लिपा आत्ताच उतरवून घ्या. फॉर्म १६ नंतर जूनच्या सुमाराला निघतो, त्यामुळे एचआरला स्वतःचा मेल आयडी लेखी कळवा. पीएफचा १२ आकडी यूएएन लिहून ठेवा.

डाउनलोड्सचा फोल्डर उघडून बघा, आधार, पॅन, घराचं अॅग्रीमेंट असं काय काय तिथे पडलेलं असतं. ते तुमचं, ते आयटीला विचारून काढा. पण ऑफिसच्या फाइल्सना हात लावायचा नाही, पेन ड्राइव्हवर घ्यायच्या नाहीत, स्वतःच्या जीमेलवर पाठवायच्या नाहीत आणि पुसायच्या तर मुळीच नाहीत. बऱ्याच कंपन्यांत पेन ड्राइव्ह लावल्याचीही नोंद होते, आणि परवानगीशिवाय डेटा पुसणं माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं, भरपाई मागू शकतात. स्वतः फॉरमॅट मारून देऊ नका, ते आयटीवाले करतील.

आणि मेल आयडी. अर्धी यादी झाली की कंटाळा येतो, मलाही येतो, पण पूर्ण करा. नवऱ्याच्या, आईच्या पॉलिसीला तुमचा ऑफिसचा मेल लावलाय का तेही बघा.

मग व्हॉट्सअॅप, फोनमधल्या लिंक्ड डिव्हायसेसमधून काढा. ब्राउझरमधून साइन आउट. मॅक असेल आणि स्वतःचा अॅपल आयडी टाकला असेल तर तोही काढा, नाहीतर मशीन लॉक राहू शकतं आणि मग सारखे फोन येत राहतात.

देताना खालच्या स्टिकरवरच्या सिरीयल नंबरचा फोटो, चारही बाजूंनी फोटो, आणि मिळाल्याची पोच मेलवर. स्वतःच्या मेलवर.