कापसाच्या बोंडाने बोट चिरलं तर काय करायचं, आणि आत कातडी कशी जुळते

कापूस वेचणी सुरू झाली की आपल्या जळगाव-धुळ्याकडे बायांची बोटं बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी चिरलेलीच असतात, आणि मग चुना, माती, हाताला येईल ते त्यावर दाबतात. ताई, नका हो असं करू.

आधी स्वच्छ फडक्याने दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. रक्त थांबलं की पिण्याच्या पाण्याची धार धरून धुवा, आत माती-काडी राहिली नाही पाहिजे.

आता खरं काम जखमेच्या कडेच्या पेशींचं असतं. काही तासांनी त्या चपट्या होतात, पुढे पातळ पदर पसरतात, तो खाली चिकटवतात आणि एकमेकींना धरून सगळी रांग उघड्या जागेवर सरकते, मागे नवीन पेशी तयार होत राहतात. नुसतं खरचटलं असेल तर केसांच्या मुळांतूनही पेशी वर येतात म्हणून ते लवकर भरतं.

गर्भात वेगळीच पद्धत दिसते. कडेच्या पेशींमधून ॲक्टिन-मायोसिन या ओढून आवळणाऱ्या प्रथिनांची सलग दोरी तयार होते आणि बटव्याची नाडी ओढावी तशी भोक आवळते, मार्टिन आणि लुईस या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या जखमेत ही दोरी दाखवली. फळमाशीच्या गर्भाच्या पाठीवरची फट मिटते तेव्हाही अशीच दोरी दिसते, आणि तिथे तर काही जखम नसते, ती वाढीचीच एक पायरी. मला हे फार भारी वाटतं, शरीर घडताना जे वापरलं जातं तेच दुरुस्तीलाही कामी येतं.

तर आपण काय करायचं, जखम कोरडी पडू द्यायची नाही. कोरडी पडली की जाड खपली धरते आणि पेशींना तिच्या खालून, ओल शोधत, वाट काढावी लागते. विंटर या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या वरवरच्या जखमेवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने येते. म्हणून व्हॅसलीनचा पातळ थर, वर पट्टी, रोज बदलायची, भिजली किंवा मळली तर लगेच. पट्टी चिकटली तर ओढू नका, पाण्याने भिजवून काढा, नाहीतर नवीन आलेल्या पेशी पट्टीबरोबरच निघतात. खपली धरलीच असेल तर नखाने काढू नका.

जखम खोल असेल, विळा-कोयता लागला असेल, कुत्रं चावलं असेल, पू किंवा ताप आला असेल तर घरी थांबू नका, दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. शुगर असलेल्यांनी पायाची जखम छोटी असली तरी लगेच दाखवायची.